वडिलांचं पावतीपुस्तक

वाचकाचं पत्र, थोडक्यात. ओळख पटू नये म्हणून गावाची नावं गाळली आहेत.

वय ३१. घरी वडिलांचा फोटो स्टुडिओ आणि लग्नाच्या ऑर्डरी. गेली चार वर्षं पत्रलेखक मुंबई-दिल्लीच्या इंग्रजी मासिकांसाठी आणि काही दिवाळी अंकांसाठी फ्रीलान्स छायाचित्रण करतात. दोन हंगामांपूर्वी एका मासिकाने ऊसतोड कामगारांवरच्या लेखाचं काम फोनवर दिलं. सगळे मिळून १५,००० रुपये, प्रवासखर्च त्यातच. पैसे सात महिन्यांनी आले. पुढे त्यातला एका ऊसतोड कामगार बाईंचा फोटो एका कंपनीच्या दिनदर्शिकेवर दिसला. कुणी विचारलं नव्हतं, छायाचित्रकाराचं नाव नव्हतं. बाईंच्या पुतण्याने फोन करून विचारलं, ‘आमच्या चुलतीचा फोटो कितीला विकला?’ आता त्याच मासिकाकडून नव्या कामाची विचारणा आली आहे. पत्नीचं म्हणणं, हा नाद सोडा, लग्नांकडे लक्ष द्या. पत्रलेखक लिहितात, ‘फोटो माझे असून बोलता येत नाही. बोललो तर काम जाईल. आणि हे सोडलं तर मी फक्त लग्नाचा फोटोग्राफर उरेन. काय करू?’

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा पैशांचा राग आला, दुसऱ्यांदा दिनदर्शिकेचा. तिसऱ्यांदा वाचताना मात्र एका ओळीपाशी थांबले. तुम्ही ती सहज लिहून गेला आहात. ‘बाबा अजूनही लग्नाच्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ घेऊन पावती फाडतात, त्याशिवाय तारीख डायरीत चढवत नाहीत.’ म्हणजे ठरवून घ्यायची रीत तुमच्या घरात आहे. नवरीकडचा मामा कितीही मोठा असो, किती अल्बम, किती पानं, ड्रोन आहे की नाही, हळदीला यायचं की नाही, सगळं त्याच्याशी आधी बोललं जातं. त्यात बाबांना संकोच वाटत नाही आणि मामालाही अपमान वाटत नाही. मग मासिकाचा फोन आला तेव्हा ते पावतीपुस्तक कुठे गेलं?

मला वाटतं, तुम्ही तो फोन ऑर्डर म्हणून घेतलाच नाही, बोलावणं म्हणून घेतला. कुणीतरी आपल्याला निवडलं, आता पैशांचं विचारलं तर आपण लहान दिसू, असं वाटलं असेल. हे फक्त तुमचं नाही. आपल्याकडे लेखकाला, चित्रकाराला मिळतं ते ‘मानधन’. शब्द सुंदर आहे, पण त्यात मान आधी येतो आणि धनाबद्दल बोलणं अवघड होऊन बसतं. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’पासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा बऱ्याच अंशी आपुलकीवर चालत आली आहे आणि मला तिचं मोल आहे. एखादा संपादक पदरमोड करून अंक काढत असेल तर त्याला कमी पैशांत फोटो जरूर द्या. पण जिथे पानभर जाहिराती आहेत, पगारी वकील आहेत, तिथे आपुलकीने गप्प राहायचं कारण नाही.

मी स्वतः अकरा वर्षं एका साप्ताहिकाचा छायाचित्र विभाग सांभाळला, म्हणून टेबलाच्या त्या बाजूचं सांगू शकते. काम देणाऱ्याला बहुतेक वेळा लेखासाठी एक ठरावीक रक्कम मिळालेली असते आणि ती तो कमीच सांगतो, कारण समोरचा विचारत नाही. मीही दर न सांगता माणसं पाठवली आहेत. त्याची मला आज लाज वाटते. पण त्या अकरा वर्षांत, दर विचारला म्हणून कुणाला पुन्हा बोलावलं नाही असं मला एकही उदाहरण आठवत नाही. ज्यांना पुन्हा बोलावलं नाही ते वेगळे होते. फोटोओळी अपुऱ्या देणारे, माणसांची नावं चुकवणारे, मुदत टळून गेल्यावर फोन बंद ठेवणारे. उलट जो माणूस निघण्याआधी पाच प्रश्न विचारायचा, त्याच्यावर आम्ही निर्धास्त असायचो. तेव्हा ‘बोललो तर काम जाईल’ ही भीती खरीखोटी करून पाहा. एखाददुसरं काम जाईलही. सगळी जाणार नाहीत.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. ‘फोटो माझे असून’ असं तुम्ही लिहिता. बटण तुम्ही दाबलंत, उन्हात तुम्ही उभे राहिलात, हे खरं. पण कायद्याच्या नजरेत ते फोटो तुमचे असतीलच असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम पाहा. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. याच कलमात नियतकालिकाच्या पगारी छायाचित्रकाराची स्थिती उलट थोडी बरी आहे. मालकाकडे फक्त नियतकालिकांत छापण्यापुरता हक्क जातो, बाकीचा छायाचित्रकाराकडे राहतो. फ्रीलान्सरला वाटतं आपण मोकळे, म्हणून फोटो आपले. काही न ठरवता काम केलं तर पगारी माणसाइतकाही हक्क त्याच्या हाती राहत नाही. तुमचं सगळं फोनवर झालं आणि हक्कांबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. अशा गप्पपणाचा फायदा कायदा मासिकाला देतो.

हा प्रश्न जुना आहे. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सेमूर या नामांकित छायाचित्रकारांनी ‘मॅग्नम’ ही सहकारी संस्था काढली, तेव्हा फोटोचा हक्क छायाचित्रकाराकडे राहावा हा तिच्यामागचा मोठा हेतू होता. मासिकं दारात उभी असलेल्या माणसांनाही त्यासाठी एकत्र यावं लागलं.

पण तुमचे हात अगदीच रिकामे नाहीत. त्याच कायद्याचं ५७ वं कलम म्हणतं की कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी ‘ही कृती माझी आहे’ असं सांगण्याचा कर्त्याचा हक्क कायम राहतो. आणि फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. दिनदर्शिकेवर तुमचं नाव नव्हतं, ही तक्रार तुम्ही करू शकता. दुसरा मुद्दा त्या बाईंचा आहे आणि तो अधिक भक्कम आहे. त्यांनी एका लेखासाठी फोटो काढू दिला होता. कंपनीच्या दिनदर्शिकेसाठी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. संमतीशिवाय कुणाचं नाव किंवा चेहरा जाहिरातीसाठी वापरणं हा त्या व्यक्तीच्या खासगीपणाचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच राजगोपाल खटल्यात म्हटलं आहे. तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात अगदी शेवटी आली आहे. काम संपल्यावर तुम्ही स्वखर्चाने आणखी दोन दिवस ऊसतोडीच्या फडावर थांबलात. त्या दोन दिवसांचे फोटो कुणाच्या सांगण्यावरून काढलेले नाहीत. त्यांच्यावर तुमचा दावा बराच मजबूत आहे. फाइलींवरच्या तारखा जपून ठेवा, मूळ रॉ फाइली दोन ठिकाणी ठेवा, आणि यापुढे कामाचं मेमरी कार्ड आणि स्वतःचं कार्ड वेगळं.

मासिकाला आधी नोटीस नको, साधं पत्र लिहा. त्यात तीन प्रश्न विचारा. फोटो कंपनीकडे कसा गेला, त्याचे पैसे कुणाला मिळाले, आणि उरलेला वापर कधी थांबणार. आवाज चढवू नका, पण तारीख घाला. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर या विषयातल्या वकिलाकडून पुढचं पत्र जाऊ द्या. आणि जुन्या प्रकरणाचं उत्तर लेखी आल्याशिवाय त्यांचं नवं काम घेऊ नका. नाही म्हणून सांगायचीही गरज नाही. ‘आधीचा विषय मिटला की लगेच येतो’ एवढं पुरे. त्यांना तुमची गरज असेल तर तो मिटेल.

समजा मिटला, किंवा दुसऱ्या कुणाचा फोन आला. फोनवर हो म्हणा, पण त्याच संध्याकाळी मेल गेली पाहिजे. कशी, ते लिहूनच देते. तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात, त्यांनाही उपयोग होईल.

‘नमस्कार. कामाबद्दल आभार. फोनवर ठरलेलं इथे लिहितो. छायाचित्रणाचे तीन दिवस, प्रवासाचे दोन, निवड आणि फोटोओळींचे दोन. मोबदला अमुक रुपये. प्रवास आणि मुक्काम वेगळा, बिलांप्रमाणे, त्यातली निम्मी रक्कम निघण्याआधी. फोटो आपल्या मासिकाच्या एका अंकात आणि त्याच लेखासोबत आपल्या संकेतस्थळावर वापरता येतील. अंक निघाल्यापासून ९० दिवस मी ते दुसऱ्या नियतकालिकाला देणार नाही. कॉपीराइट माझ्याकडे राहील. जाहिरात, दिनदर्शिका, कंपनीचा अहवाल अशा इतर कुठल्याही वापरासाठी आधी माझी लेखी परवानगी लागेल. प्रत्येक फोटोसोबत माझं नाव असेल. काम ठरल्यावर रद्द झालं तर निम्मा मोबदला. बिल दिल्यापासून ४५ दिवसांत पैसे. मान्य असल्याचं उत्तर आलं की तिकीट काढतो.’

शेवटचं वाक्य वगळू नका. तीच तुमची पावती. उत्तरात नुसतं ‘ओके’ आलं तरी, उलट काही ठरलं होतं याचा पुरावा तुमच्याकडे राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं तर तेच मेलवर पुन्हा लिहून काढा. फोन बदलतात, चॅट उडतात.

काही मोठ्या प्रकाशनांकडून छापील करार येईल, ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ असा. घाबरून सही करू नका, रागाने परतही पाठवू नका. त्या ओळीपुढे आपली ओळ लिहून पाठवा. बऱ्याचदा तो करार कुणी वाचून पाठवलेलाच नसतो आणि बदल मान्य होतो. नाही झाला तर दोनच प्रश्न उरतात. कायमचा हक्क देण्याइतके पैसे आहेत का? आणि हा विषय असा आहे का, की त्यातली माणसं उद्या कुठल्याही कागदावर छापली गेली तरी मला झोप लागेल? एखाद्या उद्योजकाचं पोर्ट्रेट असेल तर पैसे घेऊन हक्क देऊन टाकायला माझी हरकत नाही. फडावरच्या बाईंचं असेल तर कितीही रकमेला नाही. त्यांच्या चेहऱ्याचा कायमचा परवाना देण्याचा अधिकार तुम्हाला त्यांनी दिलेला नसतो.

आता दराचं. तुमचेच आकडे घेते. १५,००० रुपयांतून प्रवास आणि मुक्कामाचे ६,२०० गेले, उरले ८,८००. तुम्ही ‘तीन दिवसांचं काम’ लिहिता, पण जाण्यायेण्याचे दोन आणि निवड, प्रोसेसिंग, फोटोओळींचे दोन धरले तर झाले सात. म्हणजे दिवसाला साडेबाराशेच्या आसपास, तेही सात महिन्यांनी आणि कॅमेऱ्याची झीज न धरता. हा हिशेब तुम्ही याआधी मांडलाच नसावा, कारण मांडला असता तर पुढची दोन कामं त्याच दराने घेतली नसती. ‘बाजारात काय दर आहे’ हे मला विचारू नका. गाव, मासिक, विषय, सगळ्यांप्रमाणे तो बदलतो. तुमचा वर्षाचा घरखर्च, लेन्सचे हप्ते, विमा, कर, रिकामे महिने हे सगळं एका कागदावर घ्या, वर्षात खरोखर किती दिवस काम मिळतं त्याने भागा. जो आकडा येईल त्याच्या खाली जाताना ते जाणूनबुजून जायचं, नकळत नाही.

वसुलीच्या बाबतीत एक सोपी गोष्ट बरेच फ्रीलान्सर करत नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करा. ती विनामूल्य आहे आणि सेवा देणारा एकटा माणूसही ती करू शकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे अशा छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि मुदत लेखी ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणी काम घेण्याआधी झालेली हवी. मागच्या थकबाकीला हा आधार मिळेल असं धरून चालू नका. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. कंपन्यांच्या लेखा विभागाला त्याचा अर्थ चांगला कळतो, कारण असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळत नाही. आणि बिल संपादकाकडेच देऊन थांबू नका. आमच्याकडे निम्मी बिलं कुणाच्या तरी खणात पडून असायची, त्यात कुणाचा डाव नसायचा. लेखा विभागातल्या माणसाचं नाव विचारून घ्या, व्हेंडर फॉर्म, रद्द केलेला धनादेश, पॅन हे सगळं पहिल्याच दिवशी पाठवा. कापलेला कर तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते वर्षातून दोनदा पाहा.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते. ‘फक्त लग्नाचा फोटोग्राफर.’ या ‘फक्त’ने मला त्रास झाला. तुमच्या बाबांनी किती घरांच्या भिंतींवर फोटो दिले असतील. त्यातली कित्येक माणसं आज नसतील आणि त्यांचा घरात असलेला एकमेव धड फोटो तुमच्या स्टुडिओतला असेल. आणि लग्नाच्या मांडवात तुम्ही जे शिकलात, म्हणजे गर्दीत जागा काढणं, मंगलाष्टकं संपायच्या क्षणाला तयार असणं, रडणाऱ्या आईच्या जवळ जाऊनही तिला अवघडू न देणं, तेच फडावर कामी आलं असणार. सुधारक ओलवे यांनी वृत्तपत्राचं काम करता करता मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं छायाचित्रण केलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रोजच्या कामाने घर चालवावं आणि त्याच्या बळावर आपल्या विषयाला वर्षानुवर्षं धरून राहावं, यात काही उणं नाही. म्हणून पत्नी म्हणतात तो मला विरोध वाटत नाही. लग्नांची घट्ट लागलेली डायरी असेल तरच तुम्ही वाईट कराराला नाही म्हणू शकाल. त्यांना एवढंच विचारा, वर्षातले किती दिवस आपण माझ्या विषयासाठी बाजूला ठेवू शकतो? वीस निघाले तर वीस. ऊसतोडीचा हंगाम आणि लग्नसराई एकमेकांवर येतात हे मला माहीत आहे, पण हंगाम पाच-सहा महिने चालतो. मुहूर्त नसलेले दिवस पंचांगात आत्ताच शोधा.

आणि छायाचित्रांचा साठा नीट लावा. प्रत्येक फाइलीत नाव, गाव, तारीख, कुणासाठी काढला, कशाला संमती होती हे भरून ठेवा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापून येत. तरीही आज त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनमध्ये आहे आणि तिथे तो होमाईंच्याच नावाने आहे. मासिकं बंद पडतात, संग्रह राहतो. ज्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांचे फोटो यायचे ते १९९३ मध्ये बंद झालं.

तुमच्या पत्रातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचली ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. पुतण्याचा प्रश्न. ‘कितीला विकला?’ तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. मला वाटतं, दिलंच नाही. तुम्ही फडावर राहिला आहात, म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात, आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत उचलीसमोर, म्हणजे आगाऊ रकमेसमोर, नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं असतं. पहाटे चारला उठून भाकरी थापून, मग दिवसभर मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्या बाईचं नाव त्या हिशेबात नसतं. दिनदर्शिकेवरही नव्हतं. आणि, रागावू नका, तुम्ही मला लिहिलेल्या पाच पानी पत्रातही ते नाही. ओळख लपवायची म्हणून गाळलं असेल तर ठीक. माहीतच नसेल, तर मासिकाला लिहायच्या पत्राआधी हे काम करा.

सध्या ती माणसं गावी असतील. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात, त्याआधी जा. फोन करून, पुतण्याला सांगून जा. काय झालं ते जसंच्या तसं सांगा, किती पैसे मिळाले ते आकड्यासकट सांगा, आणि कंपनीकडून काही भरपाई मिळाली तर त्यात त्यांचा वाटा किती हे तिथेच बसून ठरवा. त्यांना फोटो पुढे कुठेही नको असेल तर तेही मान्य करा, तुमचा तो सर्वांत चांगला फोटो असला तरी. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. बाबांना सांगून स्टुडिओत एक आठ बाय बाराची प्रिंट काढा, लॅमिनेट करा, कोप्यांत, म्हणजे फडावरच्या झोपड्यांत, आणि गाड्यांत टिकली पाहिजे. मागे त्यांचं नाव लिहा, पूर्ण नाव, त्यांना विचारून, त्या सांगतील तसं.